असं का करायचं? शिवणकाम आणि मशीन भरतकामातल्या रीतींमागची कारणं

धावदोरा (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी,

मी ब्लाउज शिवते आणि दुपारी घरीच क्लास घेते. क्लासच्या मुली आता मोबाइलवर व्हिडिओ बघूनच येतात, त्यामुळं ‘कसं करायचं’ हे त्यांना निम्मं माहीत असतं. त्या अडतात ‘का’पाशी. गळ्याला उरेबच (तिरक्या दोऱ्यात कापलेली) पट्टी का, व्हिडिओतल्या बाईंनी तर सरळ लावली? अस्तर भिजवायचंच का? ‘पहिल्यापासून असंच करतात’ म्हटलं की मुलगी गप्प बसते, पण उद्या रुबियाऐवजी जॉर्जेट हातात आलं की तिला काही सुचत नाही. कारण कळलेलं असेल तर रीत कुठं पाळायची आणि कुठं खुशाल मोडायची हे तिचं तिला ठरवता येतं. म्हणून हा धागा. मला पटलेली काही कारणं मी लिहिते, पुढचं तुम्ही लिहा. मशीन भरतकामातलं मला फार कळत नाही, त्यातल्या जाणकारांनी जरूर यावं.

आधी अस्तर. मागावर ताणा घट्ट ओढलेला असतो आणि वर खळ चढवलेली असते. कापड ताणलेल्या अवस्थेतच घडी होऊन दुकानात येतं. पहिल्यांदा पाणी लागलं की सूत फुगतं, ताण सोडतं आणि कापड आखडतं. साधं सुती अस्तर मीटरला तीन-चार सेंटिमीटर सहज जातं. वरचं कापड पॉलिएस्टर असेल तर ते जागचं हलत नाही. मग पहिल्या धुण्यानंतर वरच्या कापडाला फुगे आणि आतून अस्तराची ओढ. गिऱ्हाईक म्हणतं, शिलाई बिघडली. शिलाईचा काही संबंध नसतो. उलट अस्तरही सिंथेटिक असेल तर भिजवायची गरज नाही, तिथं नुसता वेळ जातो.

आता उरेब. कापडात दोन दिशांना दोरे असतात, ताणा आणि बाणा. त्या दोन्ही दिशांनी ओढलं तर तुम्ही प्रत्यक्ष दोराच ओढता, आणि दोरा फार लांबत नाही. पण ४५ अंशांत तिरकं ओढलं की दोरे ताणले जात नाहीत, एकमेकांवरून सरकतात. चौकोनी जाळी शंकरपाळ्यासारखी लांबोळकी होते. म्हणून उरेब पट्टी लांबतेही आणि कडेला आखडतेही. गोल गळ्याला हेच लागतं, कारण पट्टी उलटली की तिची एक कड लांब वळणावर बसते, दुसरी आखूड वळणावर. सरळ पट्टीला एकाच वेळी दोन लांबी धरता येत नाहीत, ती चुण्या पाडते. म्हणून चौकोनी गळ्याला सरळ पट्टी बिनधास्त लावा. व्हिडिओतल्या बाईंचं चाललं असेल तर त्यांचा गळा बहुतेक चौकोनी किंवा फार उथळ असेल!

गोल गळ्याची आणखी एक भानगड आहे. कापलेल्या गळ्याची कड सगळीकडं सारखी नसते. खांद्याजवळ ती जवळजवळ उभ्या दोऱ्यात असते, मध्यभागी आडव्या दोऱ्यात, आणि या दोहोंच्या मधल्या वळणावर मात्र चक्क उरेबात. गळा तिथंच सैल पडतो. मशीनखाली फिरवता फिरवता, नुसता हाताळतानासुद्धा, तो तिथं वाढतो. म्हणून कापल्या कापल्या कडेपासून थोडं आत, खांद्याकडून मध्याकडं एक टीप मारून ठेवायची, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. पट्टीही लावताना किंचित ओढून लावायची, म्हणजे ती गळ्याला आत धरून ठेवते. किंचित म्हणजे खरंच किंचित. जास्त ओढली की गळ्याला घड्या येतात.

पट्टी उलटायच्या आधी कट का द्यायचे? गळ्याच्या आतल्या बाजूला जो दाब (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) राहतो, त्याची कड शिलाईपेक्षा आखूड असते. उलटल्यावर त्याच कडेला मोठ्या वळणावर पसरायचं असतं. चिरा दिल्या तर ती उघडते. कॉलरच्या गोल टोकाला नेमकं उलट होतं. तिथं कड लांब असते आणि उलटल्यावर आखूड जागेत मावायची असते, म्हणून नुसती चीर देऊन भागत नाही, त्रिकोणी तुकडे काढून टाकावे लागतात. मुली दोन्हीकडं सारखेच कट देतात आणि मग कॉलरला आतून गाठी लागतात.

उसवलेली_टीप (लातूर)

ताई, धागा आवडला. पण अस्तर भिजवायला सांगताय ते लातूरकरांना! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं तेव्हा आमच्या गल्लीत कुणी अस्तर भिजवताना दिसलं असतं तर पंचायत बसली असती.

गंमत सोडा. पाण्याची ओढ असेल तेव्हा मी अस्तरावर ओलं फडकं घालून गरम इस्त्री दाबते, पूर्ण सुकेपर्यंत. भिजवण्याइतकं आखडत नाही, पण बराचसा ताण निघतो. त्यातही इस्त्री फिरवायची नाही. उचलायची, ठेवायची, दाबायची. फिरवली की ओलं कापड परत ताणलं जातं, म्हणजे जे घालवायचं होतं तेच पुन्हा आत जातं.

धावदोरा (अंबाजोगाई)

हे चांगलं सांगितलंत. आणि भिजवलं तरी बादलीभर पाणी लागतं, तेच पाणी नंतर तुळशीला घाला.

शटलमिस्त्री (नांदेड)

मी मशीन दुरुस्त करतो. शिवण मला येत नाही, पण ‘टाका सुटायलाय’ म्हणून रोज कुणी ना कुणी मशीन उचलून आणतं, आणि त्यातल्या निम्म्या मशीनला काहीही झालेलं नसतं. सुई उलटी असते.

मशीनची सुई हातात घेऊन नीट बघा. एका बाजूनं वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या जरा वर छोटासा खोलगट भाग असतो. सुई कापडात उतरते तेव्हा दोरा त्या लांब खाचेत लपतो, कापडाला घासत नाही. सुई तळाला जाऊन अगदी थोडी, दोन-अडीच मिलिमीटर, वर उचलली जाते. त्या क्षणी खाचेतला दोरा सुईबरोबर मोकळा वर येतो, पण खोलगट बाजूचा दोरा कापडात धरून राहतो. त्याला जायला जागा नसते म्हणून तो बाहेर फुगतो. हा फुगा म्हणजेच फास, आणि शटलचं (सुईखाली फिरणाऱ्या आकड्याचं) टोक त्याच फाशातून आत शिरतं. सगळं शिवणयंत्र या एका फुग्यावर चालतं. सुई उलटी बसली तर फुगा भलत्या बाजूला होतो, शटल रिकामं फिरतं, टाका सुटतो. सुई वाकडी झाली, पूर्ण वर ढकलली नाही, कापडाच्या मानानं बारीक घेतली, तरी हेच. म्हणून माझा नियम: मशीन उचलून आणायच्या आधी नवीन सुई घालून बघा. सुईच्या वरच्या दांड्याची चपटी बाजू शटलकडं, दोरा लांब खाचेच्या बाजूनं ओवायचा. घरगुती मशीन कुठल्याही कंपनीची असो, यात बदल नाही.

टीशर्टच्या होजियरी कापडावर टाके सुटतात त्याचंही मूळ इथंच आहे. कापड लवचिक असतं, सुईबरोबर तेही वर येतं, दोऱ्याला धरून ठेवत नाही, मग फास फुगतच नाही. त्याला गोल टोकाची सुई मिळते. ती धागे तोडत नाही, त्यांच्या मधून वाट काढते.

दुसरी तक्रार: ‘खाली गुंता व्हायलाय, बॉबिन बघा.’ खाली जाळं झालं तर दोष शंभरातल्या नव्वद वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा कुणी धरून ठेवलेलाच नाही, म्हणून तो खाली उतरून लोळतो. आणि तो धरला का नाही? कारण फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला. फूट वर असताना टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या सुटतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतो. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर राहतो. ओवताना फूट वर, शिवताना खाली. एवढ्यावर माझं गिऱ्हाईक कमी होणार आहे, तरी लिहितो.

अजून एक. एक टाका पडायच्या आधी दोऱ्याचा तोच तुकडा नेढ्यातून अनेकदा खालीवर जातो. हा मार खाऊन मग तो कापडात बसतो. म्हणून स्वस्त, केसाळ दोरा हातशिलाईला चालतो, मशीनवर तुटतो. मशीनच्या दोऱ्याचा पीळही ठरलेला असतो. टाका पडताना दोऱ्याला जी फिरकी बसते तिनं तो सुटू नये अशा दिशेनं तो पिळलेला असतो. हातभरतकामाची लडी मशीनला लावून ‘तुटतोय’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मास्तर_परभणीकर

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. हात बसल्याशिवाय कारण सांगून काही उपयोग नाही. आमच्या उस्तादांनी कधी काही समजावलं नाही. चुकलं की उसवायला लावायचे. उसवता उसवता हात शहाणा होतो. आताच्या पोरांना आधी व्याख्यान पाहिजे, मग सुई.

धावदोरा (अंबाजोगाई)

मास्तर, राग कशाला. हात बसायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तुमचा हात तुमच्याजवळ राहतो, कारण दुसऱ्याला देता येतं. एक विचारते. पॅन्टच्या आसनाला तुम्ही दुहेरी शिलाई मारता आणि तीही बारीक टाक्यात. क्लासला बाजूच्या शिलाईपेक्षा वेगळं का असं मुली विचारतात. काय सांगू?

मास्तर_परभणीकर

आसनाची शिलाई गोल जाते. निम्मी उरेबात येते. माणूस खाली बसला, मोटारसायकलवर टांग टाकली की कापड ताणतं, पण शिलाईतला दोरा ताणत नाही, तो तुटतो. टाका बारीक घेतला तर तेवढ्याच लांबीत दोरा जास्त जातो, तो थोडा सैल होऊन कापडाबरोबर जाऊ शकतो. दुहेरी मारायची कारण एक तुटली तरी चारचौघात अब्रू राहते.

पण बारीक टाका सगळीकडं चालत नाही. रेक्झिनला, चामड्याला मोठाच टाका. तिथं सुई धागे बाजूला सारत नाही, भोक पाडते. जवळ जवळ भोकं पडली की त्याच रेषेत फाटतं.

उसवलेली_टीप (लातूर)

मास्तर, हे कारणच सांगितलंत की!

रुबिया (केज)

मी नवीन आहे इथं. मास्तर, मला पण सांगा. बाही मुंढ्याला (ब्लाउजच्या बाहीच्या गोलाला) जोडताना शेवटी बाहीचं कापड उरायलंय, मग तिथं चुणी घालावी लागते. माप दोनदा तपासलं, बरोबर आहे.

मास्तर_परभणीकर

बाई, बाही वर ठेवून शिवता का मुंढा?

रुबिया (केज)

बाही वर ठेवते. दिसायला सोपं पडतं.

मास्तर_परभणीकर

तिथंच आहे. मशीनचे दाते खालून कापड पुढं ढकलतात. वरून फूट दाबून धरतो. म्हणजे खालचं कापड दात्यांबरोबर पळतं आणि वरचं फुटाखाली घासत मागं राहतं. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या टाचण्या न लावता शिवून बघा, शेवटी वरची थोडी जास्त निघते. आता बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच मोठा काढलेला असतो, मुद्दाम, खांद्याचा फुगवटा मावायला. ती आधीच मोठी आणि तुम्ही तिला वर ठेवलं, म्हणजे ती अजून उरणार. बाही खाली घ्या, मुंढा वर. दाते तिचं जास्तीचं कापड आपसूक ओढून घेतात आणि चुणी दिसत नाही. जास्तीचं कापड नेहमी दात्यांच्या बाजूला. हा नियम चुणीदार घेराला, कमरपट्टीला, सगळीकडं लागू.

सारखं पाहिजे असेल तर मात्र खांद्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना टाचण्या लावा. आणि सॅटिन, जॉर्जेट असेल तर खाली वर्तमानपत्राचा नाही, साधा पातळ कागद घाला. शाई लागते. शिवून झालं की फाडून काढा. कागद दात्यांवर चालतो, कापड त्याच्यावर निवांत बसतं.

रुबिया (केज)

आत्ता एक जुना ब्लाउज उसवून तसं करून बघितलं. चुणी नाही. लई आभार मास्तर.

फ्रेम_नंबर_दोन (छत्रपती संभाजीनगर)

भरतकामाचं विचारलंय म्हणून लिहितो. आमच्याकडं कॉम्प्युटर मशीन आहेत, जास्त काम शाळेच्या लोगोंचं. मे-जूनमध्ये झोप नसते.

लोकांना वाटतं डिझाइन कॉम्प्युटरमध्ये काढलं की मशीन जसंच्या तसं भरतं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळलं तर अर्धं पंचिंग (डिझाइन टाक्यांत उतरवणं) कळलं. प्रत्येक टाका कापडाला त्याच्या दोन टोकांमधे ओढतो. आडवे टाके घालून गोल भरला तर हजारभर टाके मिळून कापड आडवं आत ओढतात. गोल आडवा दबतो. त्याच वेळी टाक्यांच्या ओळी एकमेकींना ढकलत उभ्या बाजूला सरकतात, म्हणून तो उभा फुगतो. पडद्यावरचा गोल कापडावर अंडं होतो. म्हणून पंच करतानाच टाक्याच्या दिशेनं आकार थोडा जास्त ठेवायचा. साध्या सुती कापडाला दोन्ही कडांनी मिळून ०.२ ते ०.४ मिलिमीटर, ताणणाऱ्या कापडाला त्याहून जास्त. शेजारच्या दोन रंगांमधे फट दिसते तीही याच ओढीनं. एक रंग दुसऱ्याच्या खाली जरासा शिरलेला ठेवला की फट उघडत नाही.

दुसरं, अंडरले. वरचा चकचकीत टाका पडायच्या आधी खाली विरळ टाक्यांचं अस्तर घातलं जातं. गिऱ्हाईक म्हणतं, दिसत नाही मग दोरा का वाया घालवता. तो कापडाला मागं आधाराला लावलेल्या कागदाशी आधी बांधून टाकतो, म्हणजे वरचा भरणा पडताना कापड सरकायला जागाच उरत नाही. शिवाय वरचा टाका थोडा उचलून धरतो, त्यानंच चमक येते. अंडरले चुकलं म्हणून लोक भरणा दाट करतात. ते उलटं पडतं. नेहमीच्या ४० नंबरी दोऱ्याला दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर पुरतं. त्याहून दाट केलं की कापड पत्र्यासारखं कडक होतं, सुई एकाच जागी सारखी पडते, दोरा तुटतो, कधी कापडाला भोक पडतं.

मोठं डिझाइन मधून सुरू करून बाहेर का नेतात? भरणा पडेल तसं कापड आजूबाजूला ढकललं जातं. मधून बाहेर गेलं तर ती लाट कडेला निघून जाते. दोन्ही कडा आधी भरल्या तर मधे सुरकुती अडकते, आणि अडकलेली सुरकुती इस्त्रीनं जात नाही.

मागून बघायची सवय लावा. सॅटिन टाक्याच्या (शेजारी शेजारी दाट टाक्यांच्या) पट्टीमागं मधोमध साधारण एक तृतीयांश पांढरा बॉबिनचा दोरा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना रंगीत. साध्या शिवणीत दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसवतात. भरतकामात ती मुद्दाम खाली ओढतात, म्हणजे वरून पांढरा ठिपका दिसत नाही. म्हणूनच बॉबिनला वरच्यापेक्षा बारीक दोरा घालतात. जाड घातला तर मागून गोळा होतो आणि कापड फुगतं.

धावदोरा (अंबाजोगाई)

फार छान. कागदाचं थोडं सांगाल? टीशर्टवर लोगो पहिल्या धुण्यात गोळा होतो म्हणून एका मुलीच्या भावानं कपाळाला हात लावला होता.

फ्रेम_नंबर_दोन (छत्रपती संभाजीनगर)

फाडायचा कागद वापरला असणार. तो न ताणणाऱ्या कापडाला ठीक: शर्टाचं पॉपलिन, ड्रिल, पिशवी. काम झाल्यावर तो फाटून जातो, टाक्यांना धरून ठेवायला कापड समर्थ असतं. टीशर्ट स्वतःच ताणतो, तो टाक्यांना काय धरणार? त्याला कापायचा कागद लावायचा, जो डिझाइनमागं कायम राहतो. बाहेरचा तेवढा कात्रीनं कापायचा. आणि फ्रेममध्ये टीशर्ट ओढून बसवायचा नाही. ओढलेल्या अवस्थेत भरलं की फ्रेम सुटल्यावर कापड मूळ जागी जातं, टाके जात नाहीत, म्हणून सभोवार चुण्या. कागद ढोलासारखा ताठ, टीशर्ट त्यावर नुसता सपाट.

लोगोत बारीक अक्षरं असतील, पाच मिलिमीटरच्या आतली, तर ६० नंबरी, म्हणजे अजून बारीक, दोरा आणि बारीक सुई. ४० नंबरी दोऱ्यात ‘विद्यालय’ लिहिलं की सगळे काने एकमेकांना चिकटतात. मुख्याध्यापकांना सांगून बघतो, अक्षरं मोठी करा. ऐकत नाहीत. लोगोत ब्रीदवाक्य, स्थापना वर्ष, उगवता सूर्य, पुस्तक, दिवा, सगळं अडीच इंचात पाहिजे.

साखळीटाका (सेनगाव)

आरीकामाचं, म्हणजे आकडीच्या सुईनं हातानं करायच्या भरतकामाचं, मी लिहिते. आमच्याकडं लग्नसराईत आरीच्या ब्लाउजांची रांग असते.

मशीनचा टाका आणि आरीचा टाका यात मुळातच फरक आहे. मशीनला दोन दोरे असतात, एकमेकांत अडकतात, मधेच एक तुटला तरी बाकीची शिलाई बरीचशी टिकते. आरीला एकच दोरा. आकडी वरून खाली जाते, कापडाखालचा दोरा वर ओढते, फास तयार होतो आणि पुढचा टाका त्या फाशातून येतो. प्रत्येक फास फक्त पुढच्या फाशानं धरलेला. शेवटचा सुटला की सगळे सुटतात. खताचं पोतं उघडताना कसं, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत शिलाई सर्रकन निघते, आणि चुकीच्या टोकाकडून लागलं तर कात्री आणावी लागते! तीही साखळीच शिलाई, मुद्दाम तशी ठेवलेली. आरीत ते नको असतं, म्हणून शेवटच्या फाशावर छोटा टाका घालून तो खाली बांधायचा आणि मागं गाठ. नुस्तं कापून सोडलं की पहिल्या लग्नातच नक्षी उकलते.

खाटल्यावर (आरीच्या चौकटीवर) कापड ताठ का बांधतात? सैल असेल तर आकडी वर येताना कापडालाही घेऊन येते, त्यात अडकते. ताठ कापडातून ती स्वच्छ निघते आणि फास एकसारखे पडतात.

आणि ब्लाउज कापून मग आरी, असं कधीच करायचं नाही. आधी कापडावर पुढचा भाग, पाठ, बाह्या आखायच्या, आरी करायची, खाटल्यावरून उतरवायचं, मग पुन्हा माप टाकून कापायचं. फ्रेमवाल्या दादांनी सांगितलं तेच कारण, भरल्यावर कापड आत येतं. दाट गळा असेल तर चांगलंच येतं. मण्यांची ओळ दाबात येऊ द्यायची नाही, नाहीतर मशीनची सुई मण्यावर पडून मोडते आणि तुकडा डोळ्याकडं उडतो.

आमच्या तांड्यावरच्या आज्या आरशाचं काम करतात. त्या काच आधी आडव्या-उभ्या चार दोऱ्यांनी बांधतात आणि मग त्या दोऱ्यांभोवती गोल टाका घालतात. काचेला भोक नसतं, सुई तिच्यातून जात नाही, म्हणून आधी तिला दोऱ्याची चौकट करायची आणि सगळा गोल टाका त्या चौकटीला ओढून धरतो. मशीनवर काचा लावतात त्या चिकटवून किंवा वरून जाळी घालून. धुतल्यावर फरक कळतो.

पदर (पैठण)

पैठणीच्या ब्लाउजचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पैठणीची नक्षी मागावर हातानं रंगारंगाचे वेगळे बाणे एकमेकांत अडकवून विणलेली असते, मागं मोकळे दोरे लोंबत नाहीत, उलटसुलट जवळजवळ सारखंच. म्हणून ती कापली तरी नक्षी लगेच ओघळत नाही. आमच्या शेजारचा हिमरू (तेही नक्षीचं विणलेलं कापड) वेगळा. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याचे विणकर इकडं आले असं सांगतात. हिमरूत नक्षीचा जास्तीचा रेशमी बाणा जिथं लागत नाही तिथं मागून मोकळा धावतो. ते मोकळे दोरे बोटात, अंगठीत, बांगडीत अडकतात. म्हणून हिमरूच्या जाकिटाला, शालीला अस्तर हवंच. तिथं अस्तर शोभेचं नसतं.

दोन्हीला एक सूत्र: नवीन बारीक सुई, आणि उसवायची वेळ येऊ द्यायची नाही. जरीवर सुईनं पडलेली खूण जात नाही. आधी कच्च्या दोऱ्यानं, तोही दाबाच्या आत, जोडून अंगावर घालून बघायचं. इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती फडकं घालून.

मास्तर_परभणीकर

मिस्त्री, आता माझा प्रश्न. थंडीत सकाळी माझी जुनी काळी मशीन इतकी जड चालते की पायाला गोळे येतात. दहा-अकरा वाजता ऊन आलं की हलकी. यंदा आमच्याकडं पारा ७ अंशावर होता. लोखंड आखडतं का काय?

शटलमिस्त्री (नांदेड)

मास्तर, तेल कुठलं घालता?

मास्तर_परभणीकर

घरातलं खोबरेल. वर्षानुवर्षं.

शटलमिस्त्री (नांदेड)

मग लोखंडाला दोष देऊ नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. बाटलीत गोठलेलं दिसतं तसंच ते मशीनच्या सांध्यात गोठतं. ऊन आलं की विरघळतं, मशीन हलकी. आणि गोठलं नाही तरी खाण्याची तेलं हवेनं हळूहळू चिकट होतात, धूळ धरतात, कापसाचा फुफाटा त्यात बसून काळा लगदा होतो. मशीनचं तेल खनिज असतं, पातळ, चिकटत नाही. आधी जुनं काढा: सांध्यांत थोडं रॉकेल सोडा, मशीन रिकामी चालवा, फडक्यानं पुसा, मग मशीनचं तेल. पहिला तासभर टाकाऊ कापड शिवा, डाग पडतात.

मास्तर_परभणीकर

केलं. सकाळी साडेसातला हलकी चालली. उस्ताद खोबरेलच घालायचे, पण त्यांचं दुकान मुंबईला होतं. तिथं कुठली आलीय थंडी.

रुबिया (केज)

फ्रेमवाले दादा, एक शेवटचं. मखमलीवर नाव भरून पाहिजे, बाळाच्या बारशाच्या गादीसाठी. गल्लीतल्या मशीनवाल्यानं नाही म्हटलं, रिंगचा वळ पडतो म्हणाला.

फ्रेम_नंबर_दोन (छत्रपती संभाजीनगर)

खरं बोलला तो. मखमलीचे केस रिंगमध्ये दबले की मोडतात, तो वळ सहसा पूर्ण जात नाही. म्हणून मखमल रिंगमध्ये घालायचीच नाही. फक्त कागद रिंगमध्ये ताठ बसवा, त्यावर मखमल ठेवा आणि कडेनं लांब कच्चे टाके घालून धरा. वरून पाण्यात विरघळणारा पातळ कागद. तो नसेल तर टाके केसांत बुडतात आणि नाव वाचताच येत नाही, टॉवेललाही हेच लागतं. पातळ रेषांची अक्षरं नको, जाड घ्या आणि अंडरले पक्कं.

झाल्यावर वरचा कागद हातानं काढा, कोपऱ्यांत राहिलेला ओल्या कापसानं टिपा. उरलेला वळ असेल तर उलट्या बाजूनं नुसती वाफ द्या, इस्त्री टेकवू नका.

रुबिया (केज)

तो विरघळणारा कागद केजला मिळत नाही.

फ्रेम_नंबर_दोन (छत्रपती संभाजीनगर)

भरतकामाचा दोरा विकणाऱ्याकडं मागा, मीटरवर देतात. बीडला मिळेल. आणला की हवाबंद पिशवीत ठेवा, पावसाळ्यात दमट हवेनंच चिकटायला लागतो.